सावलीतल्या वाफ्यासाठी झुडपे : इंदूरच्या एका नर्सरीचा दोन पावसाळ्यांचा अनुभव

घराच्या उत्तर बाजूला ऊन येत नाही, अशी आमच्या घरात अनेक वर्षांची समजूत होती, आणि त्या समजुतीपायी मी तीन वर्षांत तीनदा झुडपे लावून तीनदा घालवली. राजेंद्रनगरातल्या आमच्या घराची उत्तरेकडची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये नऊ फुटांची पट्टी आहे. तिच्यात कंपाउंडला लागून चार फूट रुंद आणि सव्वीस फूट लांब वाफा आहे, आणि वाफ्याच्या पूर्व टोकाला सासऱ्यांनी लावलेला आंबा आहे. या वाफ्यात जास्वंद लावली तेव्हा तिने पाने भरपूर दिली, फुले दिली नाहीत. गुलाब पहिल्याच पावसाळ्यात पानांवरच्या काळ्या ठिपक्यांनी गेले. एक्झोरा वर्षभर पिवळा पडत राहिला आणि शेवटी वाळला. ही सगळी रोपे ज्या दुकानातून आणली होती, तिथे ‘सावलीत चालेल का’ या प्रश्नाला दर वेळी ‘चालेल’ एवढेच उत्तर मिळाले होते. त्यानंतर परिचयातल्या एका बाईंनी सुचवले म्हणून मी शहराच्या कडेच्या दुसऱ्या एका नर्सरीत गेले. हे परीक्षण त्या दुसऱ्या नर्सरीचे आहे. काही तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे तिचे नाव देत नाही. पण सावलीसाठी झुडपे निवडणाऱ्या कोणालाही हा अनुभव उपयोगी पडेल, असे मला वाटते.

पहिल्या भेटीत मी काहीच विकत घेतले नाही, आणि या नर्सरीबद्दल सर्वांत चांगली गोष्ट सांगायची तर हीच. डिसेंबरचा महिना होता. तिथल्या वयस्कर माळ्यांना मी ‘सावलीतली झुडपे दाखवा’ म्हटले, तेव्हा त्यांनी रोपांकडे न वळता मलाच विचारायला सुरुवात केली : ‘‘छाँव किसकी है, दीवार की या पेड़ की? और मई में धूप कितने बजे आती है?’’ मे महिन्यात ऊन किती वाजता येते, हे मला सांगता आले नाही. मग त्यांनी विचारले की वाफ्यात पाणी साचते का, झाडाखालची माती पावसात तरी ओली होते का, आणि पाणी नळाचे की बोअरचे. यांतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे नव्हती. त्यांनी मला परत पाठवले आणि सांगितले की सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार वाजता सावलीची कड जिथे पडते तिथे विटेचा तुकडा ठेवा, आणि हेच पुन्हा मे महिन्याच्या शेवटी करा. रोपे लावायची ती पहिला चांगला पाऊस झाल्यावरच, तोपर्यंत घाई करू नका, असेही ते म्हणाले. रोप विकायला बसलेल्या माणसाने गिऱ्हाइकाला सहा महिने थांबायला सांगावे, हे मला तरी नवीन होते.

विटांचे तुकडे ठेवल्यावर जे दिसले त्याने माझी समजूत बदलली. आमचे घर गच्चीच्या कठड्यासकट सुमारे बावीस फूट उंच आहे. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४४ अंश वर असतो आणि भिंतीची सावली जवळजवळ भिंतीच्या उंचीएवढी लांब पडते. म्हणजे आमची पूर्ण पट्टी आणि शेजाऱ्यांचे अर्धे अंगण त्या काळात सावलीत असते. याउलट मेच्या अखेरीस आपल्याकडे साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उत्तरेकडच्या भिंतीची सावली भिंतीच्या पायाशी गोळा होते. त्या दिवसांत सूर्य मावळतोही वायव्येकडे, त्यामुळे वाफ्याचे पश्चिम टोक चारनंतर पुन्हा तापते. ज्या वाफ्याला आम्ही सावलीचा म्हणत होतो, तो हिवाळ्यात चार महिने थंड आणि ओला राहत होता, आणि एप्रिलच्या मध्यापासून नेमक्या सर्वांत कडक उन्हात भाजून निघत होता. फक्त आंब्याखालचा आठ फुटांचा तुकडा बाराही महिने सावलीत होता, आणि तिथली अडचण अगदी निराळी होती : जुलैतल्या मोठ्या सरीनंतरही बोटभर खाली माती कोरडी, कारण वरचे पाणी आंब्याची पाने अडवतात आणि खाली उतरलेले त्याची मुळे ओढून घेतात. एका वाफ्यात तीन तऱ्हेच्या सावल्या होत्या आणि मी तिघींना एकच रोप देत होते.

जुलैत विटांच्या जागा कागदावर काढून नेल्यावर माळ्यांनी त्या कागदावरच रोपांची नावे लिहून दिली. नर्सरीत सावलीची रोपे ग्रीन नेटखाली वेगळी ठेवलेली आहेत, ही व्यवस्था चांगली आहे आणि तिचे महत्त्व मला उशिरा कळले. मी नेटखालच्या कुंतीच्या रोपांऐवजी बाहेर उन्हात ठेवलेली, जास्त भरगच्च दिसणारी दोन रोपे हट्टाने घेतली होती. घरी आणून सावलीत लावल्यावर तीन आठवड्यांत त्यांची निम्मी पाने गळली. उन्हात तयार झालेली पाने सावलीत टिकत नाहीत. झाड ती टाकून नवी, पातळ आणि रुंद पाने काढते, आणि त्यात त्याचा एक हंगाम जातो. नेटखालून घेतलेल्या तिसऱ्या रोपाला यातले काहीच झाले नाही. सावलीत लावायचे झुडूप सावलीतच वाढवलेले घ्यावे, आणि भरगच्चपणा पाहून घेऊ नये.

आता एक तक्रार. इथली बरीच रोपे आंध्र प्रदेशातल्या कडियमहून ट्रकने येतात. आपल्याकडच्या बहुतेक नर्सऱ्यांची तीच स्थिती आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण ती रोपे तिकडच्या तांबड्या, चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात येतात आणि तो गोळा आपल्या काळ्या मातीशी जुळत नाही. पहिल्या महिन्यात एक तगर रोज पाणी देऊनही मान टाकू लागली, म्हणून मी ती उपटून पाहिली. भोवतालची काळी माती ओलीचिंब होती आणि मधला तांबडा गोळा विटेसारखा कोरडा होता. मुळे त्या गोळ्याच्या बाहेर एक इंचही आली नव्हती, उलट पिशवीच्या आकाराप्रमाणे गोल फिरत राहिली होती. मग उरलेल्या सगळ्या रोपांचे गोळे मी बादलीत अर्धा तास भिजवले, बाहेरची दोन बोटे माती हाताने हलकेच सोडवली, गोल फिरलेली मुळे कात्रीने कापली आणि मगच ती लावली. ही रोपे मुकाट्याने रुजली. लावण्याच्या वेळी सांगितले असते तर एक तगर वाचली असती. नर्सरीच्या माणसांना हे ठाऊक आहे, कारण नंतर विचारल्यावर त्यांनी हाच उपाय सांगितला. विचारल्याशिवाय मात्र तो सांगितला जात नाही.

आंब्याखालच्या कोरड्या तुकड्यासाठी माळ्यांनी अडुळसा आणि कोरांटी सुचवली, आणि ती निवड मला शंभर टक्के पटली. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मुळांवर चर न खणता, मुळांच्या मधल्या मोकळ्या जागा खुरप्याने शोधून तिथे लहानात लहान रोपे लावली. मोठे रोप लावायचे तर मोठा खड्डा लागतो, मोठ्या खड्ड्यात आंब्याची मुळे तुटतात आणि वर्षभरात ती पुन्हा त्याच भुसभुशीत जागेत घुसतात. झाडाच्या बुंध्याशी मातीची भर घालायचीही त्यांनी मनाई केली. अडुळसा आज माझ्या खांद्याला लागतो आहे. सासूबाई खोकल्याला त्याचीच पाने वापरतात, त्यामुळे घरात या झुडपाचे कौतुक माझ्यापेक्षा त्यांना अधिक. जांभळ्या कोरांटीने पहिल्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास फुले दिली. उन्हातल्या कोरांटीइतकी ती दाट नव्हती, पण वेणीपुरती नक्कीच होती.

आंब्याखाली झुडपे लावताना एका गोष्टीची कल्पना मात्र मला कोणी दिली नव्हती. मोहोर आला की त्यावर तुडतुडे येतात आणि त्यांच्या अंगातून झरणारा गोड चिकटा खाली टपकत राहतो. फेब्रुवारीत अडुळशाची पाने हाताला चिकटू लागली आणि दोन आठवड्यांत त्यांच्यावर चुलीच्या भिंतीसारखी काळी काजळी चढली. ही बुरशी पानांना पोखरत नाही, पण त्यांचा उजेड अडवते, आणि जिथे उजेड आधीच कमी आहे तिथे ते परवडत नाही. मी दर आठवड्याला पाइपच्या जोरदार धारेने पाने धुतली. म्हणून आंब्याखाली लावायचे झुडूप पाण्याचा मारा सोसणारे हवे. नाजूक, केसाळ पानांची झाडे तिथे लावू नयेत.

वाफ्याचा मधला भाग, म्हणजे हिवाळ्यात पूर्ण सावली आणि उन्हाळ्यात दुपारचे दोन-तीन तास ऊन असलेला तुकडा, हा निवडीच्या दृष्टीने सर्वांत अवघड होता, आणि नर्सरीचे खरे कौशल्य इथे दिसले. त्यांनी एकेरी तगर, कुंती आणि निळा एरँथेमम दिला. तगरीच्या डबल फुलांची रोपे शेजारीच ठेवलेली होती, पण सावलीत एकेरी अधिक फुलते असा त्यांचा अनुभव होता. आमच्याकडे सध्या रोज पूजेपुरती दहा-बारा फुले निघतात, म्हणून मला तक्रारीला जागा नाही. कुंतीबद्दल त्यांनी आधी विचारले की आसपास लिंबाचे झाड आहे का. कुंती ही लिंबाच्याच कुळातली असून लिंबावरची सिट्रस सायला ही कीड तिच्यावर आवडीने वाढते, त्यामुळे दोन्ही जवळ नसावीत. आमच्या परसात लिंबू नाही, म्हणून ती घेतली. सावलीत तिचा बहर कमी येतो. या पावसाळ्यात दोनदाच आला, पण जेव्हा आला तेव्हा रात्री मागच्या खोलीची खिडकी उघडी ठेवून आम्ही झोपलो.

एरँथेममविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण हे झुडूप आपल्याकडे फारसे कोणी मागत नाही. सह्याद्रीच्या जंगलात झाडांच्या सावलीत वाढणारी जी दशमुळी आहे, तिचा हा सख्खा नातेवाईक. पावसाळ्यात नुसती खोल शिरांची गर्द हिरवी पाने दिसतात आणि नर्सरीत ते रोप इतके साधे दिसते की हात पुढे होत नाही. डिसेंबरच्या शेवटी, ज्या महिन्यात आमच्या वाफ्यावर उन्हाचा एक कवडसाही नव्हता, त्याच्या टोकांवर हिरव्या-पांढऱ्या कणसांसारखे तुरे आले आणि त्यांतून निळी फुले निघू लागली. निळा रंग सावलीत जसा दिसतो तसा उन्हात दिसत नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. ती फुले मार्चपर्यंत चालली. बहर संपल्यावर फांद्या निम्म्यावर कापायला त्यांनी सांगितले होते, आणि तसे केल्याने आता ते झुडूप दुप्पट भरले आहे. ही एक निवड नर्सरीने केली नसती, तर मला ती स्वतःहून कधी सुचली नसती.

अनंताच्या बाबतीत मात्र नर्सरी चुकली, आणि ही चूक किरकोळ नाही. अनंताला अर्धी सावली चालते, हे खरे आहे. पण त्याला आम्लधर्मी माती लागते, आणि माळव्याची काळी माती नेमकी अल्कधर्मी आहे; त्यात आमच्या बोअरचे पाणी इतके क्षारयुक्त की पातेल्याला पांढरा थर बसतो. पाणी कोणते, हा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी विचारला होता आणि मी नंतर उत्तरही दिले होते, तरी दुसऱ्या एका मुलाने मला दोन अनंत दिले. ऑक्टोबरपर्यंत कोवळी पाने लिंबासारखी पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे त्यांचे रूप झाले. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण. लोह मातीत असते, पण अल्कधर्मी मातीत ते मुळांना घेता येत नाही. माझा जुना एक्झोराही याच कारणाने गेला होता, हे तेव्हा उमगले. लिटरला पाच ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) आणि चिमूटभर लिंबाचे सत्त्व (सायट्रिक ॲसिड) घालून मी दर पंधरा दिवसांनी संध्याकाळी फवारणी केली. पाने हिरवी झाली, फवारणी थांबवली की पुन्हा पिवळी पडली. शेवटी दोन्ही अनंत मोठ्या कुंड्यांत, माती थोडी आणि पानांचे खत जास्त अशा मिश्रणात हलवले आणि त्यांना साठवलेले पावसाचे पाणी देऊ लागले. आता ते ठीक आहेत. इंदुरात अनंत जमिनीत लावू पाहणाऱ्यांनी ही खटपट आधी लक्षात घ्यावी आणि मगच तो घ्यावा.

रंगीत पानांच्या झाडांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. क्रोटनचे लाल-पिवळे रंग सावलीत सहा महिन्यांत विटून हिरवे झाले. ॲग्लोनिमाची पाने जुलै ते नोव्हेंबर फार सुंदर होती, पण जानेवारीत पारा आठ-नऊ अंशांवर उतरल्या रात्री ती पाणी लागलेल्या कागदासारखी लोळली. मुंबई-पुण्याकडे जे जमिनीत चालते ते माळव्याच्या थंडीत चालेलच असे नाही. रॅपिस पाम मात्र थंडी, सावली आणि दुर्लक्ष तिन्ही सोसून हळूहळू वाढतो आहे. त्याची किंमत बाकी रोपांच्या पाचपट होती, आणि ती मला योग्य वाटते.

दुसरी गंभीर तक्रार डिफेनबेकियाबद्दल आहे. ‘सावलीत सर्वांत सोपे’ म्हणून त्यांनी तो दाखवला आणि मी तीन रोपे गाडीत ठेवली. त्याच्या पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. लहान मुलाने पान चावले तर जीभ व घसा सुजतो आणि गिळणेही कठीण होते. माझा नातू दोन वर्षांचा आहे आणि त्या वेळी तो माझ्याच कडेवर होता, तरी कोणी काही बोलले नाही. मला हे माहीत होते म्हणून पैसे देण्यापूर्वी ती रोपे मी परत ठेवली. ज्यांना माहीत नसेल त्यांनी काय करावे? ग्रीन नेटखालच्या एकाही रोपाला नावाची चिठ्ठी नाही, मग सूचनेची चिठ्ठी कुठून असणार. मालकांशी मी याबद्दल बोलले. त्यांनी ऐकून घेतले, पण पुढच्या तिन्ही भेटींत चिठ्ठ्या लागलेल्या दिसल्या नाहीत.

लावून देण्याची सेवा मी एकदाच घेतली आणि पुन्हा घेणार नाही. आलेल्या दोन मुलांनी सव्वा तासात अकरा रोपे लावली, पिशव्या नीट गोळा करून नेल्या, पण काळ्या मातीत खोल खड्डे करून रोपे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन बोटे खाली बसवली. आपली काळी माती पावसात फुगते आणि पाणी धरून ठेवते. सावलीत ते पाणी वाळायला ऊनही नसते. आठवड्याभरात तीन आळ्यांत पाणी तुंबून वास येऊ लागला. मी ती रोपे उचलून वाफाच सहा इंच उंच केला. त्यासाठी लागलेले कंपोस्ट मात्र नर्सरीचेच, आणि ते उत्तम निघाले : काळसर, भुरभुरीत, मातीच्या वासाचे, कुठेही न कुजलेली काडी नाही. ते पालापाचोळा आणि शेण यांचे थर रचून, वेळोवेळी उलथून, तीन महिन्यांत तिथेच तयार करतात. कंपोस्टची ही पद्धत जगात ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साथीने ती इथल्याच संशोधन संस्थेत विकसित केली. आपल्या गावात ती अजून नीट पाळली जाते हे पाहून मला मनापासून आनंद झाला. माझ्या आंब्याची पाने आता मी जाळू देत नाही. कंपाउंडच्या कोपऱ्यात त्यांचा ढीग आहे आणि या वर्षीचे आच्छादन त्यातूनच निघाले.

वाफ्याच्या पश्चिम टोकाला अजून एकही झुडूप नाही. तिथे मेमध्ये चारनंतरचे ऊन येते, आणि तिथे लावलेल्या अबोलीच्या सहापैकी चार रोपांच्या मुळांवर सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या, गाठी निघाल्या. माळ्यांनी मला नवी अबोली देण्याचे नाकारले. एक हंगाम तिथे झेंडू लावा, निंबोळी पेंड घाला, आणि पुढच्या आषाढात या, असे ते म्हणाले. झेंडू लावला होता, त्याची फुले दसऱ्याला दाराच्या तोरणात गेली, आणि झाडे अजून वाफ्यातच आहेत. पुढच्या पावसाळ्यात मी त्याच नर्सरीत जाणार आहे, पण त्या वयस्कर माळ्यांचा दिवस कोणता हे आधी फोनवर विचारून, आणि एकही डिफेनबेकिया न घेता.